टाकीखालची माती कोणी पाहिली?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या गावात सध्या पाण्याची टाकी, शाळेची खोली, पूल किंवा समाजमंदिर बांधलं जातंय, त्यांनी तरी वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

आमच्या तालुक्यातलं एक गाव. नाव देत नाही, कारण काम अजून सुरू आहे आणि मला गावाचं पाणी अडवायचं नाही. एक लाख लिटरची उंच टाकी मंजूर झाली. जागा ठरली जिल्हा परिषद शाळेच्या मैदानाचा कोपरा. सरकारी जागा, भूसंपादनाची कटकट नाही, रस्ता जवळ. नारळ फुटला, फोटो निघाले, बातमी मीच छापली.

बातमी छापून आठ दिवस झाले असतील. त्याच गावच्या एका आजींनी रस्त्यात अडवलं. "लेकरा, त्या टाकीच्या जागी मोप मोठा खड्डा व्हता. समद्या गावानं घराला माती तिथूनच नेली. मंग पुढं उकिरडे टाकून टाकून तो बुजला. तिथं कशी ऱ्हायची रं टाकी?"

मी हसण्यावारी नेलं नाही, एवढंच माझं श्रेय. एक लाख लिटर म्हणजे नुसतं पाणीच शंभर टन. वाळूने भरलेले चार हायवा एकमेकांवर रचून बारा मीटर उंचीच्या खांबांवर ठेवायचे. वर काँक्रीटचं वजन वेगळं. आणि खाली बुजलेला उकिरडा? बाजूला पहिली ते सातवीची पोरं?

ग्रामपंचायतीत गेलो, म्हटलं टाकीच्या जागेचा माती परीक्षण अहवाल दाखवा. क्लार्कने शोधाशोध करून मला मृदा आरोग्य पत्रिका काढून दिली. नत्र, स्फुरद, पालाश. त्याची चूक नाही. आपल्याकडे माती परीक्षण म्हटलं की शेतीचंच डोळ्यांसमोर येतं. जमीन पिकवते किती हे तपासायचं असतं, हे गावाला माहीत आहे. जमीन पेलते किती हेही तपासायचं असतं, हे कोणी सांगितलेलंच नाही.

मग माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस शांतता, पहिलं अपील, आणि मग सहा पानं हातात आली. त्यात लिहिलेलं असं: दोन बोअर घेतले. दीड मीटरवर एन व्हॅल्यू १८, तीन मीटरवर ३४, साडेचार मीटरवर रिफ्युजल, म्हणजे पुढे काही जाईना इतकं टणक. पाण्याची पातळी: आढळली नाही. अहवालाची तारीख ऑगस्टची.

ऑगस्ट! त्या जागेपासून चाळीस फुटांवर शाळेचा आड आहे. पावसाळ्यात त्याचं पाणी आठ फुटांवर असतं, पोहऱ्याचा दोर चार वावही लागत नाही. आणि साडेचार मीटर म्हणजे पंधरा फूट खोल बोअरमध्ये पाणी आढळलं नाही?

संशय आला म्हणून त्याच एजन्सीचा शेजारच्या गावच्या टाकीचा अहवाल मागवला. ते गाव माळावर, एक फूट उकरलं की मुरूम. आकडे काय? १८, ३४, रिफ्युजल. तेच. दुसऱ्या बोअरचेही तेच. एका पानावर तर पहिल्या गावाचं नाव बदलायचंच राहून गेलेलं.

संबंधित अभियंत्यांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "तुम्हाला एन व्हॅल्यू म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

नव्हतं माहीत. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, इंजिनिअरिंग नाही. पण टोमणा लागला, म्हणून शिकलो. आणि शिकल्यावर कळलं की यात मेख अशी काहीच नाही, ते सातवीच्या पोरालाही समजेल. तुम्हीही समजून घ्या, म्हणजे उद्या तुम्हाला कोणी गप्प बसवणार नाही.

जमिनीत बोअर घेतात. लोखंडी पाइपांचा तीन पायांचा घोडा उभा करतात. बोअरच्या तळाशी एक पोकळ नळी टेकवतात आणि वरून साडेत्रेसष्ट किलोचं वजन पाऊण मीटर उंचीवरून सोडतात. पुन्हा उचलायचं, पुन्हा सोडायचं. नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत घाव मोजायचे. पहिल्या १५ सेंटिमीटरचे घाव सोडून द्यायचे, कारण बोअरच्या तळाची माती विस्कटलेली असते. पुढच्या ३० सेंटिमीटरला जेवढे घाव लागले, तो आकडा म्हणजे एन व्हॅल्यू. पाच घाव लागले तर जमीन लेचीपेची, तीस-चाळीस लागले तर घट्ट, पन्नास घाव घालूनही १५ सेंटिमीटर आत जाईना तर रिफ्युजल. साधारण दर दीड मीटरवर आणि मातीचा थर बदलेल तिथे ही चाचणी करायची. याला एसपीटी म्हणतात. नळी पोकळ असल्यामुळे तिच्यात त्या खोलीवरची माती भरून वर येते, ती डोळ्यांनी पाहता येते. १९०२ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे आयएस २१३१ या भारतीय मानकात लिहून ठेवलेली आहे.

बास. पेरणीआधी शेतकरी पहार मारून ओल बघतो, त्याचंच हे मोजूनमापून केलेलं रूप.

आता यातली गोम बघा. वजन पाऊण मीटरवरून पडलं पाहिजे. दुपारच्या उन्हात मजूर दमले, दोर अर्धाच ओढला, वजन अर्ध्या मीटरवरूनच पडू लागलं, तर काय होईल? घाव हलका बसेल. तेवढीच नळी आत घालायला जास्त घाव लागतील. कागदावर आकडा मोठा येईल. म्हणजे माती आहे त्यापेक्षा मजबूत दिसेल! नळीचं तोंड बोथट झालेलं असेल तरी तेच. नळीखाली नेमका एखादा दगड आला तरी तेच. हे सगळे ढिसाळपणे एकाच बाजूला झुकतात, धोक्याच्या बाजूला. म्हणून ही चाचणी करताना तिथे माहितगार माणूस उभा असावा लागतो. आमच्या गावच्या बाबतीत ढिसाळपणाचाही प्रश्न येत नाही. बोअरच घेतला नाही, तर वजन कुठून पडणार?

दुसरी चाचणी प्लेट लोड टेस्ट. पायाच्या पातळीवर खड्डा घ्यायचा, लोखंडी प्लेट ठेवायची, वर वाळूच्या पोत्यांचा ढीग रचून जॅकने दाब द्यायचा आणि प्लेट किती मिलिमीटर खचते ते घड्याळासारख्या डायलवर वाचायचं. चाचणी चांगली आहे, पण तिची एक मर्यादा आहे. प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या साधारण दुपटीइतकाच खोल जाणवतो. तीस सेंटिमीटरची प्लेट दोन फूट खालचं सांगते. टाकीचा पाया सहा-सात मीटर रुंद असेल, तर त्याचा दाब बारा-चौदा मीटरपर्यंत पोहोचतो. वर दोन फूट मुरूम पसरलाय, खाली गाळ आहे, तर प्लेट म्हणणार सगळं आलबेल.

हे माझ्या मनचं नाही. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना नावाच्या ठिकाणी धान्याचं एक प्रचंड कोठार बांधलं होतं. बांधण्याआधी पायाच्या पातळीवर अशाच लहान आकाराच्या भारचाचण्या घेतल्या, निकाल उत्तम आला. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये कोठारात धान्य भरलं जात असताना ते खचायला लागलं आणि एका दिवसात सुमारे २७ अंशांनी कलंडलं. कोठार स्वतः फुटलं नाही. काँक्रीट पक्कं होतं, जमीन कच्ची होती. जवळजवळ चाळीस वर्षांनी तिथे बोअर घेऊन पाहिलं, तेव्हा वरच्या घट्ट चिकणमातीखाली मऊ चिकणमातीचा थर सापडला.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती भाताला लागू पडते, कारण एका पातेल्यातला भात एकसारखा शिजतो. जमीन तशी शिजलेली नसते. आमच्या भागात एका बांधाला काळी, दुसऱ्या बांधाला चुनखडी आणि ओढ्याकाठी गाळ. वीस पावलांवर विहिरीचं पाणी बदलतं. आणि इथे तर शीतही दुसऱ्याच पातेल्यातलं काढून दाखवलं.

आता इतकी वर्षं बांधकामं बघणारे काहीजण म्हणतील, "अहो, आमच्या आजोबांनी कुठे टेस्ट केली होती? वाडा अजून उभा आहे." मान्य. पण आजोबांना ती जमीन माहीत होती. त्यांना काळी कुठली आणि पांढरी कुठली हे ठाऊक होतं. वाड्यासाठी त्यांनी मुरूम लागेपर्यंत पाया खणला आणि दोन पावसाळे जोतं तसंच ठेवलं. त्यांनी चाचणी केली नाही असं नाही, आपल्या डोळ्यांनी आणि वेळ घेऊन केली. आज जागा ठरवतो टेबलावरचा माणूस, डिझाइन येतं दुसऱ्या शहरातून, ठेकेदार तिसऱ्या जिल्ह्यातला. यातल्या एकानेही त्या जमिनीवरचा पावसाळा पाहिलेला नाही. आजींना जे माहीत होतं ते या तिघांना कळण्याचा एकच मार्ग होता, बोअर. तोच त्यांनी कागदावर घेतला.

आणि आपली काळी माती म्हणजे साधं प्रकरण नाही. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की त्यात हात जातो, आणि ती दगडासारखी कडक होते. त्यावेळी एसपीटी घ्या, आकडा झकास येईल. तीच माती श्रावणात फुगते आणि लोण्यासारखी होते. एकाच जागेचे दोन ऋतूंतले आकडे वेगळे. म्हणून अहवालात तारीख आणि पाण्याची पातळी लिहायची असते. ती शोभेसाठी नसते.

फुगण्याची चाचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेतही होईल. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक बघायचा. आमच्याकडची माती पाण्यात किती वर येते ते एकदा पोरांना दाखवा, मग घरांच्या भिंतींना तिरक्या भेगा का पडतात हे वेगळं शिकवावं लागणार नाही. जमिनीचं बळ ही एक गोष्ट आणि ताठपणा ही दुसरी. बळ कमी पडलं तर इमारत पडते. ताठपणा कमी पडला तर इमारत पडत नाही, एका कोपऱ्यात दोन इंच जास्त खचते, भिंत फाटते, दार बसत नाही, टाकी कलते आणि गळते. मग आपण सिमेंट खाल्लं म्हणून ठेकेदाराला शिव्या देतो. बऱ्याचदा सिमेंट ठीक असतं. खालची माती कोणी विचारलेली नसते.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. १२० बाय १२० फुटांचं ते धूड बघून सगळे आकाराबद्दल बोलले, परवानगीबद्दल बोलले. तपासात पाया अपुरा असल्याचंही पुढे आलं. पण पाया हा विषय आपल्याकडे माणसं गेल्यावरच निघतो. कारण तो दिसत नाही. रस्त्याचं डांबर लोक नखाने खरवडून बघतात, शाळेचा पत्रा वाजवून बघतात. पाया एकदा बुजला की विषय संपला. संपूर्ण कामात लोकांच्या नजरेआड होणारं आणि दोन दिवसांत उरकणारं हे एकच काम आहे. म्हणून सगळ्यात आधी खोटं होतं तेही हेच.

पण माझा खरा राग एजन्सीवर नाही. व्यवस्था बघा. बोअर कोणाकडून घ्यायचा हे बहुतेक वेळा ठेकेदारच ठरवतो, पैसेही तोच देतो. माती कच्ची निघाली तर पाया खोल न्यावा लागणार, लोखंड वाढणार, इस्टिमेट बदलावं लागणार, मंजुरी पुन्हा वर जाणार, बिल सहा महिने लांबणार. म्हणजे ज्याला वाईट निकालाचा भुर्दंड बसणार, त्याच्याच हातात तराजू. अशा तराजूत खरं वजन कसं पडेल? वरच्या साहेबाला फायलीत सॉईल रिपोर्ट लावलेला हवा असतो. तो लावलेला असतो. फाईल पूर्ण, सगळे खूश. चांगल्या एजन्सी नाहीत असं नाही. प्रामाणिकपणे बोअर घेणारी, चिखलात उभी राहून घाव मोजणारी पोरं मी नंतर पाहिली. पण खऱ्या बोअरचे पैसे लागतात आणि झेरॉक्सचे लागत नाहीत. दोघांना एकाच दरात उभं केलं तर काम कोणाला मिळेल, सांगा.

तर पुढे काय झालं ते सांगतो. पायाचा खड्डा खणला त्या दिवशी आम्ही चार-पाच जण तिथे होतो. सहा फुटांवर राख निघाली. मग खापरं, फुटक्या कौलांचे तुकडे, काळी भुसभुशीत माती. आजींचा उकिरडा अगदी जिथल्या तिथे. फोटो काढले, अर्ज दिला, काम थांबलं.

आणि मग शिव्या मला बसल्या. टँकर चालू होते. एक ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरवाले फोटो काढून जाता, हंडा आमच्या डोक्यावर ऱ्हातो." मला उत्तर देता आलं नाही. आजही त्यांच्यापुढे देता येणार नाही. कारण त्यांचं खरं होतं. पाणी लांबलं. पण ते अर्ज दिल्यामुळे लांबलं की ऑगस्टमध्ये घ्यायचा बोअर घेतला नाही म्हणून लांबलं, हे ठरवायला आपण कधीतरी बसलं पाहिजे. दोन दिवसांचं काम वाचवलं त्यांनी, आणि पाच महिने गेले त्या ताईंचे.

फेरतपासणी झाली. यावेळी गाव बघायला उभं होतं, पोरांनी मोठ्याने घाव मोजले. दीड मीटरवर ६, तीन मीटरवर ४, साडेचारवर ९, सहावर २१. जिथे आधीच्या कागदावर ३४ होते, तिथे ४. आधीच्या आकड्यांवर डिझाइन झालेलं होतं, हे लक्षात घ्या. फेरतपासणीचं बिल मी पाहिलं, एकूण कामाच्या रकमेच्या दोन टक्केही नव्हतं. टाकी आता दीडशे फुटांवर गायरानाच्या बाजूला सरकली आहे, तिथे चार फुटांवर मुरूम आहे. पाइप थोडा वाढला, एवढंच. पहिला अहवाल देणाऱ्यावर कारवाई? "पत्रव्यवहार सुरू आहे." आणि शेजारच्या गावाचं काय? त्या अहवालातले आकडे खरे की हेच खोटे तिकडेही चिकटवले? त्याच एजन्सीने तालुक्यात आणखी किती गावांना १८, ३४, रिफ्युजल वाटलं? हा प्रश्न मी लेखी विचारलाय. उत्तर आलेलं नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो.

१. जमिनीची चाचणी करणारी एजन्सी ठेकेदाराने नेमायची नाही. ती खात्याने नेमावी, पैसे खात्याने द्यावेत. शासकीय तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं कशासाठी आहेत?

२. बोअर घ्यायची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर आधी लागली पाहिजे. चाचणीच्या वेळी गावातले दोन माणसं हजर, आणि त्यांच्या सहीचा पंचनामा. त्यातला एक जण गावातला सगळ्यात जुना असावा.

३. प्रत्येक खोलीवरून निघालेली माती पिशवीत भरून, खोली आणि तारीख लिहून, शेवटचं बिल निघेपर्यंत ग्रामपंचायतीत ठेवावी. झेरॉक्स मशीनमधून माती निघत नाही.

४. कामाच्या फलकावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव असतं, तिथेच एका ओळीत लिहा: पाया किती खोल, कोणत्या थरावर, पाणी किती फुटांवर.

५. तालुक्यातल्या झालेल्या अहवालांपैकी काही चिठ्ठी टाकून निवडा आणि पुन्हा बोअर घेऊन तपासा. प्रत्येक तपासायची गरज नाही. कधीही तपासणी होऊ शकते एवढी भीती पुरेशी आहे.

आणि तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकार कायदा २००५ फक्त कागद मागण्यापुरता नाही. त्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. टाकीचा सॉईल रिपोर्ट मागा. शेजारच्या गावाचाही मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आकडे हुबेहूब असतील तर ओरडा. पाण्याची पातळी वाचा आणि जवळच्या विहिरीत डोकावून बघा. ग्रामसभेत विचारा, बोअर घेताना कोणी पाहिला? एकाही माणसाने हात वर केला नाही, तर समजा.

कोणी म्हणेल, पत्रकाराने इंजिनिअरिंग शिकवू नये. नाही शिकवत. डिझाइन त्यांनीच करावं, त्यातलं मला काही कळत नाही. मी फक्त एवढंच विचारतोय की डिझाइन ज्या आकड्यावर उभं आहे, तो आकडा जमिनीतून आलाय का. हा प्रश्न इंजिनिअरिंगचा नाही. खरं-खोट्याचा आहे, आणि तो विचारायला कुठलाही डिप्लोमा लागत नाही. आजींना तर सहीसुद्धा येत नाही.

परवा शाळेवरून गेलो. तो कोपरा आता रिकामा आहे, खड्डा बुजवलाय. मधल्या सुट्टीत पोरं तिथे लंगडी खेळत होती. शंभर टन पाणी त्यांच्या डोक्यावर येता येता राहिलं, हे त्यांना माहीतही नाही. माहीत असायची गरजही नाही. ज्यांना असायला हवं, त्यांनी तालुक्यातले बाकीचे अहवाल काढून बघावेत. मी माझ्याकडचे दोन्ही घेऊन कधीही यायला तयार आहे.

तुमच्या गावात टाकी झाली असेल तर कमेंटमध्ये लिहा: बोअर घेताना कोणी पाहिला होता का?